वाटाड्याची शिदोरी : जीपीएससाठी योग्य चार्जर कसा निवडावा?

प्रवासाला निघणाऱ्या माणसाची शिदोरी बांधणं हे काम आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या बाईकडेच आलं आहे. दशम्या, लसणीची चटणी, पाण्याची बाटली, डोकेदुखीची गोळी... यातलं एखादं राहिलं तर परत आल्यावर ऐकून घ्यावं लागतं ते आपल्यालाच! हल्ली मात्र घरातल्या माणसांबरोबर आणखी एक जण प्रवासाला निघतो. तो वाट दाखवतो, वळण आलं की आधीच सूचना देतो, चुकलो तरी न रागावता दुसरा रस्ता काढून देतो. त्याला दशमी नको की चटणी नको. त्याला लागते फक्त विजेची शिदोरी. आणि नेमकी तीच बांधायला आपण विसरतो, किंवा बांधतो ती चुकीची!

हा वाटाड्या म्हणजे जीपीएस. कुणाच्या घरी तो मोटारीच्या काचेला चिकटवलेल्या छोट्या पडद्यात असतो, कुणाच्या घरी डोंगर चढणाऱ्या मुलाच्या हातातल्या यंत्रात, कुणाच्या मनगटावरच्या घड्याळात आणि बहुतेक घरी मोबाइलमध्ये. घरात या यंत्रांबरोबर आलेले चार्जर आणि वायरी एका ड्रॉवरमध्ये गुंतून पडलेल्या असतात. निघायच्या घाईत हाताला येईल ती वायर उचलली जाते. टोक बसलं की झालं, असा आपला समज. दुकानात विचारावं तर उत्तर ठरलेलं : “काकू, कुठलाबी लावा, चालतंय की!”

मैत्रिणींनो, कुठलाही लावून चालत नाही. आणि योग्य चार्जर ओळखायला इंजिनिअर असावं लागतं असंही नाही. कुकरची रिंग घेताना आपण मॉडेल आणि लिटर विचारतो ना, तेवढंच ज्ञान इथेही पुरतं.

एवढी काळजी कशासाठी?

आपल्या कोल्हापूरचंच उदाहरण घ्या. जुलै १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघाले आणि बाजीप्रभूंनी खिंड लढवली, ती ही वाट. दर वर्षी पावसाळ्यात शेकडो तरुण मुलंमुली पन्हाळा ते पावनखिंड ही मोहीम पायी करतात. मसाई पठारावर आभाळ खाली उतरलं की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. पठार सपाट, चारी दिशा सारख्या. पुढे झाडी, ओढे, चिखल, आणि कित्येक ठिकाणी मोबाइलची रेंज नाही. अशा जागी गावातला माहीतगार माणूस सोबत असणं हे सर्वांत उत्तम. पण मागे राहिलेल्या दोन-चार मुलांना गट गाठायचा असेल तर हातातला जीपीएसच कामी येतो. तो तेव्हा जिवंत पाहिजे, एवढीच अट!

घरी बसलेल्या आईच्या दृष्टीने तर या यंत्राची किंमत आणखी निराळी आहे. त्याच मोबाइलवरून संध्याकाळी “पोचलो” असा निरोप यायचा असतो.

आधी वाटाड्याची ओळख

जीपीएस म्हणजे उपग्रहांच्या मदतीने पृथ्वीवर आपण नेमके कुठे आहोत हे सांगणारी व्यवस्था. ही मूळ अमेरिकेची. तिचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरत असतात. आपल्या देशाचीही ‘नाविक’ नावाची अशी व्यवस्था आहे. तिचा पहिला उपग्रह ‘इस्रो’ने १ जुलै २०१३ रोजी सोडला. हातातलं यंत्र निदान चार उपग्रहांचे संदेश ऐकतं, ते पोचायला किती वेळ लागला हे मोजतं आणि त्यावरून आपली जागा काढतं.

यात लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की यंत्र फक्त ऐकतं. जागा कळण्यासाठी त्याला मोबाइलची रेंज लागत नाही. रेंज लागते ती नकाशा उतरवून घेण्यासाठी. म्हणून नकाशा घरीच उतरवून ठेवला तर रानातही काम चालतं.

पण हे सतत ऐकणं, सतत गणित करणं आणि उन्हात दिसावा म्हणून उजळ ठेवलेला पडदा, ही तिन्ही कामं बॅटरी खातात. घरी दिवसभर पुरणारा मोबाइल प्रवासात वाट दाखवायला लावला की काही तासांत मान टाकतो, त्याचं कारण हे.

चार्जर नेमकं करतो काय?

भिंतीतल्या प्लगमध्ये येणारी वीज २३० व्होल्टची. यंत्राला हवी असते बहुधा ५ व्होल्टची. ज्वारी जशीच्या तशी खाता येत नाही, ती दळून आणावी लागते. तसा आपला चार्जर म्हणजे विजेची गिरणी. मोठी वीज बारीक करून देणं एवढंच त्याचं काम. बॅटरीत किती भरायचं, कधी हात आखडता घ्यायचा आणि कधी थांबायचं हे ठरवणारी खरी गृहिणी यंत्राच्या पोटातच बसलेली असते. लिथियमची बॅटरी साधारण ४.२ व्होल्टवर भरली की ही गृहिणी पुरवठा थांबवते. पण गिरणीतून पीठच खडे मिसळलेलं आलं तर ती बिचारी काय करणार? स्वस्त, बनावट चार्जरमध्ये नेमकं हेच होतं. त्यातून येणारी वीज एकसारखी नसते आणि आत २३० व्होल्टची बाजू व ५ व्होल्टची बाजू यांच्यात जेवढं अंतर राखायला हवं तेवढं राखलेलं नसतं. मग यंत्र तापतं, पडदा बोटाला नीट साथ देत नाही, आणि वाईट वेळ आली तर शॉक किंवा आग.

चार्जरवरची बारीक अक्षरं

चष्मा लावा, चार्जर उजेडात धरा आणि दोन ओळी शोधा.

पहिली ओळ ‘इनपुट’ची. तिथे १०० ते २४० व्होल्ट असं लिहिलेलं असावं. म्हणजे आपल्या घरच्या विजेवर तो चालेल. मुलगी परदेशातून एखादा चार्जर घेऊन आली आणि त्यावर फक्त ११० किंवा १२० व्होल्ट लिहिलं असेल, तर तो आपल्या प्लगमध्ये घालू नका.

दुसरी आणि जास्त महत्त्वाची ओळ ‘आउटपुट’ची. उदाहरणार्थ, ५ व्होल्ट, २ अँपिअर. या दोन आकड्यांची गंमत गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवरून चांगली समजते. व्होल्ट म्हणजे टाकीची उंची, म्हणजेच पाण्याचा जोर. अँपिअर म्हणजे नळातून जास्तीत जास्त किती पाणी मिळू शकतं ते. टाकी फार उंच नेली तर जोराने तोटीच उडून जाईल. म्हणून व्होल्ट यंत्राला हवे तेवढेच पाहिजेत, कमी नाहीत आणि जास्तही नाहीत. पण नळ मोठा असला म्हणून तांब्या फुटत नाही. तांब्या आपल्याला हवं तेवढंच पाणी घेतो. म्हणून अँपिअर यंत्राच्या गरजेइतके किंवा त्याहून जास्त असले तरी चालतात. कमी असले तर मात्र बॅटरी भरता भरत नाही आणि चार्जर तापतो.

यंत्राला किती हवं हे कुठे पाहायचं? यंत्राच्या पाठीवर, त्याच्या माहितीपुस्तिकेत किंवा त्याच्याबरोबर मूळ आलेल्या चार्जरवर. ते आकडे एकदा वहीत लिहून ठेवले की पुन्हा शोधायला नको.

दोन्ही आकड्यांचा गुणाकार केला की वॉट मिळतात. ५ व्होल्ट गुणिले २ अँपिअर म्हणजे १० वॉट. हल्लीच्या चार्जरवर हा एकच मोठा आकडा ठळक छापलेला असतो, १८, ३३, ६५ वगैरे. तो पाहून घाबरू नका. हे ‘फास्ट’ चार्जर सुरुवातीला ५ व्होल्टच देतात. समोरचं यंत्र “मला जास्त पेलतं” असं सांगेल तेव्हाच ते ९ किंवा त्याहून अधिक व्होल्टवर जातात. जुन्या यंत्राला ही भाषा येत नाही, म्हणून त्याला ५ व्होल्टच मिळतात. अर्थात हा भरवसा चांगल्या चार्जरचा. नक्कल केलेल्याचा नव्हे.

घड्याळं आणि मुलांच्या दप्तरातले छोटे जीपीएस यांची बॅटरी मात्र चिमुकली असते. त्यांच्या पुस्तिकेत बहुधा साधा ५ व्होल्टचा चार्जर सांगितलेला असतो. घरातल्या जुन्या मोबाइलचा ५ व्होल्ट, १ अँपिअरचा चार्जर चांगल्या स्थितीत असेल तर तो भंगारात देऊ नका. या लहानग्यांसाठी तो अगदी योग्य.

टोक जुळलं म्हणजे नातं जुळलं असं नाही

घरातला खरा धोका गोल पिनेच्या चार्जरचा आहे. टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स, वाय-फायचा राउटर, मुलांचा की-बोर्ड या सगळ्यांचे अडॅप्टर दिसायला भावंडं. पण कुणी ५ व्होल्टचा, कुणी ९ चा, कुणी १२ चा. जुन्या जीपीएस यंत्रांनाही कधी कधी अशीच गोल पिन असते. १२ व्होल्टची पिन ५ व्होल्टच्या यंत्रात सहज बसते आणि क्षणात यंत्र निकामी होतं. शिवाय गोल पिनेत आतली बाजू धन की ऋण हेही जुळावं लागतं. त्याची छोटी आकृती लेबलावर असते. यंत्रावरची आणि चार्जरवरची आकृती एकसारखी हवी.

यावर उपाय आपल्या स्वयंपाकघरातलाच. मसाल्याच्या डब्यांना आपण चिठ्ठ्या लावतो ना? तशीच प्रत्येक अडॅप्टरला पांढरी चिकटपट्टी लावा आणि त्यावर लिहा : ‘राउटर’, ‘टीव्ही’, ‘गाडीचा जीपीएस’. अर्ध्या तासाचं काम, पण घरातल्या प्रत्येकाचा गोंधळ वाचतो.

मोबाइलसारख्या चपट्या टोकांतही तीन पिढ्या आहेत. जुन्या मोटारीतल्या जीपीएसला मिनी यूएसबी, त्यानंतरच्यांना मायक्रो यूएसबी आणि नव्यांना टाइप-सी. टाइप-सी कसंही उलटसुलट बसतं, म्हणून ते सोयीचं. मात्र त्यात एक गोम आहे. काही स्वस्त छोटी यंत्रं टाइप-सी असूनही, दोन्ही टोकं टाइप-सी असलेल्या वायरीने चार्जच होत नाहीत. यंत्र बिघडलं असं समजून दुकान गाठायच्या आधी, एका टोकाला जुनं मोठं चपटं यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला टाइप-सी अशी वायर लावून पाहा. पुष्कळदा ते मुकाट्याने चार्ज होऊ लागतं.

दोष बहुतेक वेळा वायरचा

चार्जर चांगला, यंत्र चांगलं, तरी चार तासांत बॅटरी अर्धीसुद्धा भरत नाही. अशा वेळी संशय घ्यावा वायरचा. बारीक आणि लांबलचक वायरीत वाटेतच जोर कमी होतो. गळक्या पाइपने बागेला पाणी घालावं तसं. प्रवासासाठी आखूड, जरा जाड वायर घ्यावी. टोकापाशी वाकून पांढरी पडलेली, हलवली तरच चार्ज होणारी वायर शिदोरीत बांधू नये.

मोटारीत लावायच्या काही जीपीएस यंत्रांची आणखी एक लकब आहे. कॉम्प्युटरला जोडायची वायर लावली की त्यांना वाटतं, आपल्याला कॉम्प्युटरलाच जोडलं आहे. मग ती नकाशा दाखवणं बंद करून गप्प बसतात. अशा यंत्राला त्याची स्वतःची गाडीतली वायरच वापरावी.

दोष शोधायची रीत सोपी आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी प्लग बदलून पाहा, मग वायर, मग चार्जर. सगळं एकदम बदललं तर खरा चोर सापडत नाही.

गाडीतला चार्जर

मोटारीच्या बॅटरीची वीज १२ व्होल्टची. गाडीतल्या गोल खोबणीत बसणारा चार्जर ती ५ व्होल्टवर आणतो. बस आणि ट्रकमध्ये २४ व्होल्ट असतात, म्हणून ‘१२–२४ व्होल्ट’ असं लिहिलेला चार्जर घेतला तर दोन्हीकडे उपयोगी पडतो.

पुष्कळ जणींचा अनुभव असा, की पुण्याला जाताना मोबाइल गाडीच्या यूएसबीला लावलेला असतो, विजेचं चिन्हही दिसत असतं, तरी कऱ्हाड-सातारा येईपर्यंत बॅटरी उतरतच जाते. यात जादूटोणा नाही. बऱ्याच जुन्या गाड्यांतलं यूएसबी मूळ गाणी ऐकण्यासाठी दिलेलं असतं. ते जेमतेम अर्धा अँपिअर देतं, म्हणजे अडीच वॉट. उजळ पडदा, नकाशा आणि जीपीएस मिळून मोबाइल त्याहून जास्त सहज खातो. मिळकत कमी आणि खर्च जास्त, मग शिल्लक घटणारच! अशा वेळी गोल खोबणीत बसणारा, प्रत्येक यूएसबीला २ अँपिअर किंवा जास्त देणारा चार्जर घ्यावा.

पेन्सिल सेलवर चालणारं यंत्र

डोंगरात जाणाऱ्यांकडची काही हाती यंत्रं दोन पेन्सिल सेलवर चालतात. रानात सेल संपले तर दुसरे घालता येतात, हा त्यांचा मोठा गुण. इथे मात्र चार्जरची निवड जास्त जपून करावी लागते.

साधे अल्कलाइन सेल एकदा संपले की संपले. ते चार्जरमध्ये घालू नयेत. गळतात, कधी फुटतातही. चार्ज होणारे सेल निराळे. त्यांच्यावर ‘रिचार्जेबल’ आणि ‘निकेल-मेटल हायड्राइड’ असं लिहिलेलं असतं आणि ते १.२ व्होल्टचे असतात. चार्जरही याच जातीच्या सेलसाठी असलेला हवा. प्रत्येक सेलकडे स्वतंत्र लक्ष देणारा आणि भरला की आपोआप थांबणारा चार्जर थोडा महाग पडतो, पण सेल पुष्कळ टिकतात. अगदी साध्या चार्जरला २००० मिलिअँपिअर-अवर क्षमतेचा सेल २०० मिलिअँपिअरने भरायला चौदा-पंधरा तास लागतात. म्हणजे पहाटे निघायचं असेल तर आदल्या दिवशी दुपारीच लावायला हवेत. रात्री दहाला आठवून उपयोग नाही!

दोन सेल नेहमी एका जातीचे, एका वयाचे आणि सारखे भरलेले घालावेत. एक नवा आणि एक जुना अशी जोडी लावली तर नवाही लवकर खचतो. शिवाय अशा बऱ्याच यंत्रांच्या सेटिंगमध्ये सेलची जात सांगण्याची सोय असते. ती बरोबर निवडली नाही तर सेल शिल्लक असतानाही यंत्र “संपले” असं दाखवतं.

पॉवर बँकेवरचा मोठा आकडा

दहा हजाराची पॉवर बँक आणि पाच हजाराची मोबाइलची बॅटरी, म्हणजे दोन वेळा भरेल, असं कुणीही गणित करील. प्रत्यक्षात दीडेक वेळाच भरते. दहा हजार मिलिअँपिअर-अवर हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा आहे. ती वीज ५ व्होल्टवर चढवताना आणि पुन्हा मोबाइलमध्ये उतरवताना काही भाग उष्णतेच्या रूपाने जातो. कणीक मळताना परातीला लागतं, तसंच हे. पॉवर बँकेवर बारीक अक्षरांत ‘रेटेड कपॅसिटी’ म्हणून एक लहान आकडा असतो. हिशेब त्याच आकड्यावर करावा. आणि विमानाने जाणार असाल तर पॉवर बँक मोठ्या बॅगेत न टाकता हातातल्या सामानात ठेवावी लागते, हेही लक्षात असू द्या.

मोहिमेला जाणाऱ्या मुलासाठी

आदल्या दिवशी सगळं पूर्ण चार्ज करून, घरीच नकाशा उतरवून घ्यायला सांगा. वाटेत मोबाइल विमानासाठी असलेल्या ‘फ्लाइट मोड’वर ठेवायला सांगा. डोंगरात रेंज शोधण्यातच मोबाइलची बरीच ताकद जाते. ‘फ्लाइट मोड’वर ती वाचते आणि बहुतेक मोबाइलांत जीपीएस चालूच राहतो. हे घरी एकदा करून पाहावं, म्हणजे खात्री पटेल. पडदा सतत चालू न ठेवता वळणावर किंवा फाट्यावर तेवढा पाहावा.

पॉवर बँक आणि आखूड वायर जाड प्लॅस्टिकच्या, चेन लावलेल्या पिशवीत, कपड्यांच्या मधोमध ठेवा. आणि एका कागदावर घरचे नंबर लिहून तोही त्याच पिशवीत टाका. वाटाड्या कितीही हुशार असला तरी कागदाला चार्जिंग लागत नाही!

हीच तयारी घरी बसूनही उपयोगी पडते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात कोल्हापूरच्या कित्येक भागांत वीज गेली, रस्ते बंद झाले. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पाणी ३९ च्या जवळ आल्याची बातमी कानावर आली की पिण्याचं पाणी भरून ठेवतो, तशा घरातल्या सगळ्या बॅटऱ्याही भरून ठेवाव्यात. सुटकेसाठी आलेल्यांना आपण नेमके कुठे आहोत हे कळवायचं तर मोबाइल जिवंत हवा.

ऊन, पाणी आणि फुगलेली बॅटरी

लिथियम बॅटरीचा मोठा शत्रू म्हणजे उष्णता. जोतिबाच्या चैत्र यात्रेत गाडी उन्हात लावून आपण दर्शनाला जातो आणि जीपीएस काचेवर तसाच राहतो. बंद गाडीत त्याची भट्टी होते. उतरताना तो काढून पिशवीत घ्यावा, निदान सीटखाली सावलीत ठेवावा. घरी चार्ज करतानाही उशीखाली, गादीवर किंवा कपड्यांच्या ढिगात ठेवू नये.

पावसात भिजलेलं यंत्र लगेच चार्जिंगला लावू नये. कोरड्या कापडाने पुसून, टोक खाली करून पंख्याच्या वाऱ्यात काही तास ठेवावं. तांदळाच्या डब्यात पुरून ठेवण्याची पद्धत बरीच पसरली आहे, पण तिने फायदा होत नाही. उलट तांदळाची भुकटी खोबणीत जाऊन बसते. घड्याळाच्या मागच्या पितळी ठिपक्यांवर घाम साचतो, तेही चार्जिंगपूर्वी कोरडे करावेत.

महिनोन्‌महिने न लागणारं यंत्र पूर्ण रिकामं करून कपाटात टाकू नका. साधारण अर्धी बॅटरी भरून थंड जागी ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा पाहा. पाठ फुगलेली किंवा पडदा उचललेला दिसला तर बॅटरी फुगली आहे असं समजा. मग ते चार्ज करायचं नाही, दाबायचं नाही, टोचायचं नाही आणि घंटागाडीच्या कचऱ्यात तर मुळीच टाकायचं नाही. कचरा दाबला गेला की अशी बॅटरी पेट घेऊ शकते. ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे किंवा कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात द्यावी.

दुकानात जाताना

चार्जर आणायला जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. यंत्र किंवा त्याचा जुना चार्जर पिशवीत घेऊन जा आणि या पाच गोष्टी पाहून घ्या :

१. आउटपुटचे व्होल्ट यंत्राच्या गरजेइतकेच आहेत ना?

२. अँपिअर तितके किंवा त्याहून जास्त आहेत ना?

३. टोक जुळतं का? गोल पिन असेल तर धन-ऋणाची आकृतीही जुळते का?

४. भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह आणि ‘आर’ अक्षरापुढे आठ आकडी क्रमांक आहे का? अडॅप्टर आणि पॉवर बँक या दोन्हींना ही नोंदणी सक्तीची आहे. ‘बीआयएस केअर’ या ॲपवर तो क्रमांक टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर आहे ते तिथल्या तिथे दिसतं. खोक्यावरचं नाव आणि ते नाव निराळं असेल तर वस्तू परत ठेवा.

५. पक्कं बिल मिळतं का? बिल द्यायला नाही म्हणणाऱ्याकडचा चार्जर निम्म्या किमतीतही महागच पडतो.

कंपनीचाच चार्जर घ्यायला हवा असा हट्ट नको. हे आकडे जुळणारा, नोंदणी असलेला दुसऱ्या चांगल्या कंपनीचाही चालतो. मात्र यंत्राची खोबण अगदी खास त्याच्यापुरती असेल, घड्याळाच्या चुंबकी पाळण्यासारखी, तर मूळचाच घेतलेला बरा.

आणि दुकानदार “चालतंय की!” म्हणाला, किंवा “घरातल्या साहेबांना पाठवा” म्हणाला, तर गोंधळून जाऊ नका. शांतपणे विचारा, “भाऊ, याचं आउटपुट किती? आणि आर नंबर कुठं आहे?” एवढे दोन प्रश्न विचारले की तो काउंटरवरचा चार्जर आत ठेवून देतो आणि कपाटातला बाहेर काढतो!